कोंबडी अंडं कुठेही घालत नाही

परसदारी चार-पाच कोंबड्या असलेल्या घरात एक तक्रार हमखास ऐकू येते. खुराड्यात पेंढा घालून टोपली ठेवली, तरी अंडं सापडतं ते सरपणाच्या राशीमागे, नाहीतर पोत्यांच्या सांदीत. मग कोंबडी लहरी ठरते, हट्टी ठरते. अंडं घालण्याआधीची तिची कुरकुर, टोपलीत शिरून पुन्हा बाहेर येणं, हे सगळं त्या लहरीपणाचा पुरावा म्हणून सांगितलं जातं. खरं तर या वागण्याची तयारी आदल्या दिवशीच तिच्या शरीरात झालेली असते. अंडी भलतीकडे मिळत असतील, तर दोष बहुतेक वेळा आपण दिलेल्या जागेत असतो.

गैरसमज : अंड्याचा रेटा आला की कोंबडी जागा शोधू लागते.

पिवळा बलक अंडाशयातून सुटल्यापासून अंडं बाहेर येईपर्यंत साधारण २४ ते २६ तास जातात. त्यांतले सुमारे २० तास एकट्या कवचाला लागतात. एक अंडं घातल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पुढचा बलक सुटतो, म्हणून अंड्याची वेळ रोज थोडी पुढे सरकते. ती दुपारपर्यंत पोचली की मध्ये एक खाडा पडतो आणि पुन्हा सकाळपासून सुरुवात होते. या चक्राला कोंबडा लागत नाही. तो लागतो पिल्लांसाठी. आता जागा शोधण्याची ओढ कुठून येते, ते पाहू. एडिंबरामध्ये वुड-गश आणि गिल्बर्ट या संशोधकांनी १९६०च्या दशकात दाखवून दिलं, की बलक सुटल्यावर अंडाशयात मागे राहणारी रिकामी पिशवी दुसऱ्या दिवशीच्या या वागण्याची कळ दाबते. ती काढून टाकली तर घरट्याची लगबगच बिघडते. उलट काही कोंबड्यांचा बलक अंडनलिकेत न जाता पोटाच्या पोकळीत पडतो. त्यांना अंडं घालायचंच नसतं, तरी वेळ झाली की त्या घरट्यात जाऊन बसतात. म्हणजे ओढ संप्रेरकांची असते, अंड्याच्या रेट्याची नव्हे.

गैरसमज : टोपलीत आत-बाहेर करणं हा निव्वळ चाळा आहे.

अंडं घालण्याच्या तास-दोन तास आधी कोंबडी कळपापासून वेगळी होते. मान लांब करून टोपलीत डोकावते, आत जाते, बाहेर येते, दुसरा कोपरा पाहते. जागा पसंत पडली की बसून छातीनं पेंढा दाबते, जागच्या जागी फिरून खळगा करते, काड्या चोचीत धरून पाठीवर टाकते. शेवटी अर्धवट उभी राहते आणि ओलं, चकाकणारं अंडं खाली येतं. ते मऊ असतं आणि हवेनं टणक होतं, हाही एक समज आहे. कवच आतच पक्कं झालेलं असतं. वाळतो तो फक्त त्यावरचा पातळ लेप, जो जंतूंना अडवतो. म्हणूनच अंडी साठवण्याआधी धुऊ नयेत. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की आयतं तयार घरटं दिलं तरी कोंबडी हे सगळे सोपस्कार करतेच. तिला घरटं हवं असतं, तसं ते घडवायचंही असतं.

गैरसमज : पिंजऱ्यातल्या कोंबड्या घरट्याविना अंडी देतात, मग घरटं म्हणजे नुसते लाड.

हा आक्षेप वजनदार आहे, कारण आपण विकत घेतो ती बहुतेक अंडी पिंजऱ्यातलीच. पण अंडं बाहेर येणं आणि कोंबडीची गरज भागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तयार अंडं ती फार काळ रोखू शकत नाही, म्हणून ते कुठेही पडतं. त्याआधी मात्र ती पिंजऱ्यात येरझाऱ्या घालते आणि लांबवलेला, कण्हल्यासारखा आवाज काढत राहते. कूपर आणि ॲपलबी या संशोधकांच्या प्रयोगांत घरट्याकडे जायला जड दार ढकलावं लागे; अंड्याची वेळ जवळ येईल तसा कोंबड्यांचा जोर वाढत गेला. अशाच पुराव्यांमुळे युरोपीय संघात १ जानेवारी २०१२ पासून घरटं नसलेले साधे पिंजरे बंद झाले.

गैरसमज : ओढ उपजत आहे, तर कोंबडीनं आपली टोपलीच निवडायला हवी.

उपजत आहे ती आडोशाची ओढ. आपली टोपली तिला उपजत ठाऊक नसते. कोंबडीचा मूळ पूर्वज रानकोंबडा, आणि त्याची मादी झुडपाखाली जमिनीवर लपून अंडी घालते. उजेडातल्या, वर्दळीच्या टोपलीपेक्षा सरपणामागची अंधारी सांद त्या निकषावर सरस ठरते. पहिली अंडी तिथे गेली की तलंगेला, म्हणजे नुकत्याच अंड्यावर आलेल्या कोंबडीला, तीच सवय लागते. म्हणून टोपली अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात हवी, साधारण एक फूट लांब-रुंद आणि रात्री बसायच्या दांड्यापेक्षा खाली. वर असली तर कोंबड्या तिच्यातच झोपतात आणि घाण करतात. चार-पाच कोंबड्यांना एक टोपली पुरते. दोन ठेवल्या तरी सगळ्या एकीसाठीच भांडतात, कारण आधी पडलेली अंडी त्यांना जागा सुरक्षित असल्याची खूण वाटतात. हीच खूण आपल्यालाही वापरता येते : टोपलीत संगमरवराचं खोटं अंडं ठेवायचं, सांदीतली अंडी रोज उचलायची आणि नव्या तलंगांना काही दिवस सकाळी उशिरापर्यंत खुराड्यातच ठेवायचं. एवढं करूनही एखादी सरपणामागेच गेली, तर तिला हाकलण्याआधी टोपलीवर ऊन किती येतं आणि जवळून कुत्रं किती वेळा जातं, ते पाहावं.