सहभागीप्रणीत तंत्रज्ञान परिषद : संकल्पना, पूर्वपीठिका आणि महाविद्यालयीन आयोजन

प्रस्तावना :

महाविद्यालयात भरणाऱ्या चर्चासत्राचा क्रम आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, बीजभाषण, लांबलेल्या उद्घाटनामुळे आक्रसलेली शोधनिबंधवाचनाची सत्रे आणि सायंकाळी प्रमाणपत्रवाटप असा तो क्रम असतो. एक वक्ता आणि अनेक श्रोते ही त्यामागील रचना आपल्याकडे दीर्घकाळ रुजलेली आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेने याच रचनेतून लोकशिक्षणाचे मोठे कार्य केले. ज्ञान मोजक्यांजवळ आणि जिज्ञासा अनेकांजवळ असते, तेव्हा व्याख्यानासारखे साधन नाही.

तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात मात्र ज्ञानाची वाटणी निराळी असते. एखाद्या मुक्त संगणकप्रणालीचा वापर तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्याने स्वतः करून पाहिलेला असतो, एखादी अडचण प्रयोगशाळा साहाय्यकाने सोडविलेली असते, तर ग्रंथपालाने जुन्या नोंदींचे अंकीकरण करताना काही युक्त्या शोधलेल्या असतात. प्रचलित चर्चासत्रात या ज्ञानाला जागा नसते. असा विद्यार्थी त्या दिवशी स्वयंसेवकाचा बिल्ला लावून पाहुण्यांसाठी पुष्पगुच्छ घेऊन उभा असतो. या उणिवेवर जगभरात जो एक उपाय रूढ झाला, त्यास 'अनकॉन्फरन्स' असे म्हणतात. मराठीत त्यास 'सहभागीप्रणीत परिषद' म्हणता येईल. प्रस्तुत लेखात तिची संकल्पना, पूर्वपीठिका व आयोजनाची पद्धती यांचा परामर्श घेऊन आपल्या महाविद्यालयांत ती राबविताना येणाऱ्या अडचणींचा विचार केला आहे.

संकल्पना :

सहभागीप्रणीत परिषदेत वक्ते व विषय आधी ठरलेले नसतात. परिषदेची तारीख, जागा आणि व्यापक विषय तेवढे जाहीर होतात. प्रत्यक्ष कार्यक्रमपत्रिका जमलेले लोक त्या दिवशी सकाळी तयार करतात. ज्यास काही सांगावयाचे, दाखवावयाचे किंवा विचारावयाचे असेल, तो एका कागदावर विषय लिहून फळ्यावरील रिकाम्या चौकटीत लावतो. ज्यांना त्या विषयात रस असेल, ते त्या वेळी त्या खोलीत जमतात.

यावरून अशा परिषदेस आयोजनाची गरज नसते असा समज होतो, तो बरोबर नाही. येथे आयोजकाचे काम नाहीसे होत नाही, ते बदलते. काय बोलले जावे हे ठरविण्याऐवजी कोणासही बोलता येईल अशी परिस्थिती निर्माण करणे हे त्याचे काम होते. हे काम अधिक नाजूक आहे. वक्ता आला नाही तर दुसरा शोधता येतो. परिस्थिती जमली नाही तर मात्र फळा रिकामा राहतो.

पूर्वपीठिका :

या पद्धतीचे मूळ 'ओपन स्पेस टेक्नॉलॉजी' या सभापद्धतीत आहे. नावात तंत्रज्ञान असले तरी तिचा संगणकाशी संबंध नाही. अमेरिकेतील हॅरिसन ओवेन यांनी १९८३ मध्ये सुमारे अडीचशे लोकांची एक परिषद मोठ्या कष्टाने घडवून आणली. परिषदेतील सर्वांत उपयुक्त भाग चहापानाच्या सुटीतील गप्पांचा होता, असे तिच्या अखेरीस दिसून आले. तेव्हा संपूर्ण परिषदच चहापानाच्या सुटीसारखी का असू नये, असा प्रश्न त्यांना पडला. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे त्यांनी हा प्रयोग केला. वर्तुळाकार बैठक, विषयांचा फळा आणि मुक्त संचार हे घटक तेव्हापासून या पद्धतीचे आधार झाले आहेत. जेथे आपण काही शिकत नाही व काही देतही नाही, तेथून उठून दुसरीकडे जावे, हा त्यांचा 'दोन पायांचा नियम' विशेष प्रसिद्ध आहे.

तंत्रज्ञानक्षेत्रात ही पद्धती दोन टप्प्यांत आली. २००३ मध्ये ओरायली या प्रकाशनसंस्थेने कॅलिफोर्नियातील सेबॅस्टोपोल येथे 'फू कॅम्प' भरविला. त्याचे वेळापत्रक सहभागीच ठरवीत, परंतु प्रवेश केवळ निमंत्रितांना होता. त्यास पर्याय म्हणून १९ ते २१ ऑगस्ट २००५ या काळात पालो आल्टो येथील सोशलटेक्स्ट या कंपनीच्या कार्यालयात पहिला 'बारकॅम्प' भरला. संगणकतज्ज्ञ उदाहरणादाखल 'फू' आणि 'बार' ही निरर्थक नावे जोडीने वापरतात, त्यावरून हे नाव आले. ख्रिस मेसिना, टँटेक चेलिक, मॅट मुलेनवेग आदी तरुणांनी अवघ्या आठवड्याभराच्या तयारीत तो घडविला. प्रवेश सर्वांना खुला होता. बघे नकोत, सारेच सहभागी हवेत, एवढीच अट होती. आयोजनाची कृती कोणासही उचलता येईल अशी खुली ठेवल्यामुळे बारकॅम्प अल्पावधीत देशोदेशी पसरला. भारतात मार्च २००६ मध्ये तो दिल्ली परिसरात भरला. त्याच वर्षी चेन्नई, बंगळूर व हैदराबाद येथे आणि पुढे पुणे व मुंबई येथेही बारकॅम्प झाले. २३ ऑगस्ट २००७ रोजी मेसिना यांनी ट्विटरवर एका विषयाचे संदेश एकत्र ओळखण्यासाठी '#' हे चिन्ह वापरण्याची सूचना केली, तेव्हा उदाहरण म्हणून त्यांनी बारकॅम्प हाच शब्द घेतला होता. आज सर्वत्र रूढ झालेल्या हॅशटॅगचा उगम असा या चळवळीशी जोडलेला आहे.

अध्यापकांच्या दृष्टीने यानंतरची तीन उदाहरणे अधिक महत्त्वाची आहेत. २००८ मध्ये जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास व नवमाध्यम केंद्रात मानव्यविद्या आणि तंत्रज्ञान यांना एकत्र आणणारा 'दॅटकॅम्प' सुरू झाला. २०१० मध्ये फिलाडेल्फिया येथे शिक्षकांनी शिक्षकांसाठी 'एडकॅम्प' भरविला. २००५ पासून कॅलिफोर्नियात भरत आलेल्या 'इंटरनेट आयडेंटिटी वर्कशॉप'मध्ये कार्यक्रमपत्रिका नेहमी सकाळीच ठरते. तरीही प्रत्येक सत्राच्या नोंदी संकलित होतात, आणि ओपनआयडीसारख्या मानकांच्या घडणीत तेथील चर्चांचा वाटा राहिला आहे. वेळापत्रक मोकळे असले म्हणून फलनिष्पत्ती नसते, हा आक्षेप या उदाहरणापुढे टिकत नाही.

आयोजनाची सूत्रे :

१) आवाहन : विषयाची मर्यादा फार सैल असली तर चर्चा विखुरते, फार आवळली तर फळा भरत नाही. 'माहिती तंत्रज्ञान' हा विषय अतिव्यापक ठरेल. 'मराठीतून संगणन' किंवा 'प्रयोगशाळेतील मुक्त संगणकप्रणाली' हे विषय योग्य आकाराचे आहेत. आवाहनात वक्त्यांची नावे नसावीत. त्याऐवजी 'आपण काय घेऊन याल?' हा प्रश्न असावा. नोंदणी अर्जातही तोच प्रश्न विचारावा. उत्तर बंधनकारक नसले तरी त्यामुळे सहभागी आधीपासून विचार करू लागतो.

२) जागा व काळ : सुमारे ऐंशी सहभागी गृहीत धरल्यास एकत्र जमण्यास एक सभागृह व सत्रांसाठी चार खोल्या पुरेशा होतात. पंचेचाळीस मिनिटांची चार सत्रे व प्रत्येक दोन सत्रांमध्ये पंधरा मिनिटांची मोकळीक ठेवली, तर चार खोल्यांत एका दिवसात सोळा सत्रे बसतात आणि एका सत्रास सरासरी वीस माणसे मिळतात. ही संख्या संवादास अनुकूल आहे. सकाळी दहा ते सव्वाअकरा हा वेळ परिचय व फळा भरण्यासाठी राखावा. त्यात काटकसर करू नये. जमिनीत पक्के केलेले बाक असलेल्या वर्गापेक्षा सुट्या खुर्च्यांची खोली घ्यावी. किमान एक सत्रस्थान संगणक प्रयोगशाळेत असावे, म्हणजे सांगण्याबरोबर करून दाखविता येते. विजेचे पुरेसे जोड, प्रक्षेपकाला लागणाऱ्या निरनिराळ्या तारा आणि पाहुण्यांसाठी तात्पुरता इंटरनेट प्रवेश यांची चाचणी आदल्या दिवशी करावी. महाविद्यालयाच्या जाळ्यावरील निर्बंध परिषदेच्या दिवशी सकाळी आठवणे ही नेहमीची गफलत आहे.

३) फळा भरणे : आडव्या ओळीत वेळा व उभ्या स्तंभात खोल्या असा तक्ता भिंतीवर लावावा. विषय मांडणाऱ्याने सर्वांसमोर येऊन आपले नाव व विषय एका वाक्यात सांगावा आणि चिठ्ठी लावावी. प्रारंभी काही मिनिटे कोणीच उठत नाही. ही शांतता सोसणे ही आयोजकाची खरी कसोटी होय. घाबरून त्याने स्वतःच चौकटी भरल्या, तर परिषद पुन्हा जुन्या वळणावर जाते. 'मला हे येते' याबरोबरच 'मला हे येत नाही, कोणी सांगेल काय?' अशी चिठ्ठीही चालते, हे आरंभीच स्पष्ट करावे. बहुतेकदा अशा प्रश्नांच्याच सत्रांना अधिक गर्दी होते. दोन चिठ्ठ्यांचा विषय एकच असेल, तर संबंधितांच्या संमतीने त्या एकत्र कराव्यात.

४) मुक्त संचार : सत्र चालू असताना उठून जाणे आपल्याकडे वक्त्याचा अपमान समजला जातो. त्यामुळे दोन पायांचा नियम भित्तिपत्रकावर लिहून भागत नाही. तो प्राचार्यांनी अथवा विभागप्रमुखांनी स्वतः उद्घाटनप्रसंगी सांगावा, आणि शक्य झाल्यास एखाद्या सत्रातून उठून त्याचे प्रात्यक्षिकही द्यावे.

५) नोंदी : प्रत्येक सत्रात एका विद्यार्थ्याने एका पानाची नोंद घ्यावी. विषय, उपस्थितांची संख्या, मांडलेले मुद्दे, अनुत्तरित प्रश्न आणि पुढे काय करावयाचे एवढे पाच घटक त्यात पुरेत. समारोपाच्या सभेत या नोंदी वाचाव्यात व आठवड्याच्या आत एकत्र प्रसृत कराव्यात.

६) खर्च : मानधन, प्रवासभत्ता, स्मृतिचिन्हे व निवास हे खर्च नसल्याने अंदाजपत्रक मुख्यतः चहा, साधे भोजन आणि लेखनसाहित्य एवढेच उरते. प्रायोजक घेतल्यास त्याने भोजनाचा भार उचलावा. त्यास भाषणाचा हक्क देऊ नये. त्यास काही सांगावयाचे असल्यास फळा त्यालाही खुला आहेच.

महाविद्यालयीन वास्तव :

या पद्धतीपुढील खरी अडचण आर्थिक किंवा तांत्रिक नाही, ती श्रेणीबद्धतेची आहे. 'सर' समोर बसले असताना विद्यार्थी त्यांना ठाऊक नसलेली गोष्ट सांगण्यास धजावत नाही. बसण्याची स्वतंत्र व्यवस्था, राखीव पहिली रांग आणि व्यासपीठ यांचा त्याग हा यावरील पहिला उपाय होय. नामपट्टीवर पद न लिहिता केवळ नाव व आवडीचा विषय लिहावा. अध्यापकांनी निदान एक सत्र विद्यार्थ्याकडून शिकण्यासाठी राखून ठेवावे.

दुसरी अडचण भाषेची आहे. तंत्रज्ञानावरील चर्चा इंग्रजीतच व्हावयास हवी या समजुतीमुळे तालुक्याच्या ठिकाणाहून आलेला विद्यार्थी गप्प राहतो. मराठीतील सत्रे केवळ चालतील असे न म्हणता पहिली चिठ्ठी मराठीत लावली जाईल असे पाहावे.

तिसरी अडचण मूल्यमापनाची आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी एपीआय गुणांची पद्धती आणली आणि २०१८ च्या विनियमांतही परिषदेतील निबंधवाचनास व निमंत्रित व्याख्यानास गुण ठेवले. वर्तुळात बसून विचारलेल्या प्रश्नास असे गुण नाहीत. यावर नाराज होऊन थांबण्यापेक्षा सत्रांच्या नोंदी, सहभागींची यादी आणि पुढील कार्यवाहीचा अहवाल नीट ठेवावा. मूल्यांकनाच्या वेळी महाविद्यालयास हे दस्तऐवज उपयोगी पडतात. दीपप्रज्वलनासारखे औपचारिक विधी संस्थेस आवश्यक वाटत असतील, तर ते आटोपशीर करण्यास हरकत नाही. जानेवारी २०१२ मध्ये म्यानमारमधील यांगॉन येथील बारकॅम्पचे उद्घाटन आंग सान स्यू की यांनी केले होते आणि त्यास हजारो लोक उपस्थित होते. उद्घाटनाने परिषदेचे स्वरूप बिघडत नाही. फळा आधीच भरलेला असला, तर मात्र ते बिघडते.

मर्यादा :

सहभागीप्रणीत परिषद शोधनिबंधाची जागा घेऊ शकत नाही. येथे मांडलेल्या विधानांची पूर्वतपासणी झालेली नसते. वाचाळ व्यक्ती सत्र व्यापून टाकण्याचा धोका असतो, परस्परपरिचितांचे गट जमतात आणि नवखा कडेला राहतो. काही वेळा सत्राच्या आडून उत्पादनाची जाहिरात होते. यांवर पूर्ण उपाय नाही. वेळेचे काटेकोर पालन आणि प्रत्येक खोलीत एक सजग सूत्रसंचालक यांमुळे दोष कमी होतात. पूर्वज्ञान अजिबात नसलेल्या विषयासाठी ही पद्धती निरुपयोगी आहे. तेथे व्याख्यान किंवा कार्यशाळाच योग्य होय.

समारोप :

परिषद कशी भरवावी हा वरवर व्यवस्थापनाचा प्रश्न दिसतो. वस्तुतः ज्ञान कोणाजवळ असते, याविषयीची आपली धारणा त्यातून प्रकट होते. ज्या महाविद्यालयात विद्यार्थी, ग्रंथपाल, साहाय्यक आणि प्राध्यापक एकाच फळ्यावर आपापली चिठ्ठी लावू शकतात, तेथे वर्गातील संवादही हळूहळू बदलेल अशी अपेक्षा ठेवता येते. प्रारंभी एखाद्या विभागाने एका शनिवारी, दोन खोल्या आणि तीस सहभागी एवढ्याच प्रमाणात हा प्रयोग करावा. अनुदान, पाहुणे किंवा मोठे सभागृह यांची त्यासाठी वाट पाहण्याचे कारण नाही. चौकटी आखलेला एक रिकामा तक्ता आणि तो भरेपर्यंत थांबण्याची तयारी एवढ्यावर आरंभ होऊ शकतो.