घरातला पक्षी गेल्यावर

मराठीत माणूस वारतो, निवर्ततो, त्याचे निधन होते; पशुपक्षी मात्र नुसते मरतात. परंतु ज्या घरात एखादा लव्हबर्ड सहा-सात वर्षे किलबिलत होता, त्या घरातली माणसे "आमचा राजा गेला" असेच म्हणतात. या दुःखाविषयी आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही, म्हणून चार गोष्टी येथे मांडीत आहोत.

आपण ज्यांना लव्हबर्ड म्हणतो ते बहुधा बजरीगर असतात. मूळ ऑस्ट्रेलियातले, थव्याने राहणारे. (आपला हिरवा देशी पोपट पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये बंदी आहे, हे पुष्कळांना अजून माहीत नाही.) नीट निगा राखली तर ते साधारण पाच ते दहा वर्षे जगतात. थव्यातला अशक्त पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत लवकर भरतो. म्हणून हे पक्षी आजार होईल तितका लपवितात. पिसे फुगवून बसणे, पिंजऱ्याच्या तळाशी उतरणे, श्वासाबरोबर शेपटी खालीवर होणे ही लक्षणे दिसतात तोवर बरेचदा उशीर झालेला असतो. "काल तर राळे खात होता, आमचेच काय चुकले?" असे घरची माणसे स्वतःला विचारीत राहतात. पुष्कळदा कोणाचेच काही चुकलेले नसते.

आमच्या वसाहतीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. यजमानांनी शेवटच्या वर्षी आणलेला पक्षी त्यांच्या पश्चात बाईंना सोबतीला होता. तो गेला तेव्हा बाईंनी दोन दिवस चूल पेटविली नाही. शेजारी म्हणाले, "बाई, बाजारात पुष्कळ मिळतात, दुसरा आणा." त्यानंतर बाईंनी पक्ष्याचा विषय काढणेच सोडले. त्या पक्ष्याबरोबर यजमानांची शेवटची खूणही गेली होती, हे कोणी लक्षात घेतले नाही.

अमेरिकेतील केनेथ डोका यांनी १९८९ साली अशा दुःखांवर एक ग्रंथ संपादित केला. ज्या दुःखाला समाज दुःख म्हणून मान्यताच देत नाही, ते माणसाला एकट्याने गिळावे लागते आणि म्हणून अधिक जड जाते, असा त्यातला विचार आहे. आमच्या बँकेतल्या रजेच्या अर्जात 'कारण' असा रकाना असतो. तेथे 'पक्षी गेला' असे लिहिण्याचे धाडस कोण करील?

मिगपोतक जातकात हाच प्रसंग आहे. एका तापसाने आईविना पाडस वाढविले, ते मेले आणि तापस शोक करू लागला. संन्याशाला हे शोभत नाही, असे शक्राने त्याला सुनावले. त्यावर तापस म्हणाला की सोबत राहिल्याने जीव जडतो, मग तो माणूस असो वा हरीण. शोक न करणे शक्य नाही. रडून मेलेला परत येत नाही, ही शक्राची समजूत पुढे त्याला पटते. पण त्याआधीचे हे उत्तर आम्हांस फार मोलाचे वाटते.

घरात लहान मुले असतील तर "झोपला" किंवा "उडून गेला" असे सांगू नये. मृत्यू कायमचा असतो हे मुलांना साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान उमगू लागते. त्याहून लहान मूल "झोपला" हे खरे धरते आणि रात्री झोपायला घाबरू शकते. "तो मेला, आता परत येणार नाही, आपल्यालाही वाईट वाटते आहे" इतके पुरे. मुलांच्या हातून माती घालू द्यावी. खड्डा खोल खणावा, नाहीतर मांजर-कुत्रे उकरतात. अंगण नसेल तर मोठी कुंडी चालते. नंतर हात साबणाने धुवावेत, कारण पक्ष्यांचे काही रोग माणसांनाही होतात.

दुसरा पक्षी आणण्याची घाई नको. आणायचाच झाला तर पिंजरा आधी स्वच्छ धुऊन उन्हात वाळवावा. जोडीतला एक मागे उरला असेल तर मात्र त्याच्याकडे लगेच लक्ष द्यावे. तो गप्प होतो, कधी खाणे टाकतो. इतक्या लहान जिवाला एक दिवसाचा उपासही भारी पडतो. तो दाणा टिपत नसेल तर वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे.