‘स्टँड, स्टँड!’

आखाडा बाळापूरहून कळमनुरीकडे मोटारसायकलवर निघालं, की समोरून येणारा एखादा अनोळखी गाडीवालाही मान हलवून जातो. हात का करत नाही? उजव्या हातात अ‍ॅक्सिलरेटर. तो सोडला की गाडी मंदावते. डावा हात उचलता येतो, पण आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो. समोरचा आपल्या उजवीकडून जातो, म्हणून मानेचाच रामराम बरा. अमेरिकेत वाहनं उजवीकडून चालतात; तिथे डावा हात करणं सोयीचं.

आपल्याकडच्या खुणा मात्र कामाच्या. बोटांची उघडझाप म्हणजे ‘लाइट चालू राहिलाय’. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा लाइट कायम चालूच असतो, तरी सांगणारे सांगतातच!

‘स्टँड, स्टँड!’ ही हाक मात्र कधी कानाआड करू नका. उघडं राहिलेलं साइड स्टँड डाव्या वळणावर जमिनीला अडकतं आणि गाडी आडवी होते. एकदा ऐन वळणाआधी एका पोराने ओरडून मला सावध केलं. आभार मानायच्या आत तो पुढे निघून गेला. तेव्हापासून कुणाचं स्टँड किंवा चाकाकडे गेलेला पदर दिसला, की मीही ओरडतो. त्याचं देणं असंच फिटायचं.