अर्ध्या सेकंदाचा संशय

मार्च २०२४मध्ये मायक्रोसॉफ्टमधला अभियंता आंद्रेस फ्रॉइंड ‘पोस्टग्रेस’ या डेटाबेसच्या चाचण्या घेत होता. दुरून संगणकावर लॉगिन करायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्याला खटकलं. बहुतेकांनी तिकडे काणाडोळा केला असता. त्याने माग काढत ‘एक्सझेड’ हे सॉफ्टवेअर गाठलं आणि २९ मार्चला त्यातला चोरदरवाजा जगासमोर मांडला.

एक्सझेडचं काम साधं, फायलींचा आकार लहान करण्याचं. पण ते बहुतेक लिनक्स संगणकांवर असतं. हा चोरदरवाजा सगळीकडे पोचला असता, तर जगभरातल्या असंख्य सर्व्हरांमध्ये बिनबोभाट शिरता आलं असतं.

तो बसवणाऱ्याने कुणाचा पासवर्ड चोरला नव्हता. त्याला अधिकार रीतसर मिळाले होते.

एक्सझेडसारख्या मुक्त (ओपन सोर्स) प्रकल्पांत, म्हणजे ज्यांचा कोड सर्वांना खुला असतो तिथे, माणसं बहुधा एकमेकांना भेटलेलीही नसतात; केलेलं काम हीच ओळख. २०२१च्या अखेरीपासून ‘जिया तान’ या नावाने एक्सझेडला दुरुस्त्या येऊ लागल्या. त्या उपयोगी होत्या. प्रकल्प सांभाळत होता लासे कॉलिन, जवळपास एकटा आणि बिनपगारी. २०२२मध्ये ‘जिगर कुमार’सारख्या नावांनी त्याच्यामागे तगादा सुरू झाला: काम रखडलंय, सूत्रं दुसऱ्याकडे द्या. मानसिक आरोग्याच्या जुन्या तक्रारींमुळे फारसं काम होत नाही आणि हे सगळं आपण हौसेखातर करतो, असं कॉलिनने मोकळेपणाने सांगितलं. हळूहळू जिया तान त्याचा भागीदार झाला. फेब्रुवारी २०२४मध्ये त्याच नावाने ५.६.० ही आवृत्ती निघाली. घातक भाग चाचणीच्या फायलींत दडवलेला होता. तो कार्यान्वित करणारा तुकडा तर सर्वांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हताच. तो फक्त वितरणासाठी बांधलेल्या संचात घातला होता. डेबियन, फेडोरा या लिनक्सच्या प्रकारांच्या चाचणी आवृत्त्यांपर्यंत चोरदरवाजा पोचलाही. स्थिर आवृत्त्या वाचल्या.

कॉलिनला दोष देणं अन्यायाचं आहे. माणूस कामावरून पारखायचा, ही या समाजाची रीत. तो तिला धरूनच वागला. खरी लाज वेगळ्या गोष्टीची वाटायला हवी. ज्याच्या कामावर बलाढ्य कंपन्यांचे सर्व्हर चालतात, तो थकल्याचं उघडपणे सांगतो आणि मदतीला येतो तो फक्त घुसखोर.

जिया तान नावामागचा चेहरा अजून उघड झालेला नाही. कॉलिनने प्रकल्प पुन्हा हाती घेऊन मे २०२४च्या अखेरीस चोरदरवाजा काढलेली ५.६.२ आवृत्ती प्रसिद्ध केली.