खाटेचा भाव ठरतो कुठे?

सोलापूर शहरातला करोनाचा पहिला रुग्ण १२ एप्रिल २०२० रोजी नोंदला गेला, तोही मृत्यूनंतर. पुढच्या काही आठवड्यांत विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या दाट वस्त्यांत साथ पसरली. शहराचा मृत्युदर राज्याच्या सरासरीच्या वर गेला आणि अतिदक्षता विभागातली खाट ही शहरातली सर्वांत दुर्मीळ वस्तू ठरली. खाटा मोजताना आपण जिल्ह्याची लोकसंख्या धरतो. पण धाराशिव, लातूर, विजयपुरा, कलबुर्गी इकडचे गंभीर रुग्ण वर्षानुवर्षे सोलापुरातच येतात. साथ येण्याआधीच ही ओढाताण होती. साथीने ती चव्हाट्यावर आणली. त्या काळाकडे आज पाहताना एक गोष्ट ठळक दिसते: उपचारांचा भाव सरकारी आदेशापेक्षा सरकारी खाटेने अधिक ठरतो.

आदेश निघाले नाहीत असे नाही. २१ मे २०२० च्या अधिसूचनेने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर बांधले. साध्या कक्षाला दिवसाला ४,०००, आयसीयूला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. हा निर्णय योग्यच होता. तो नसता तर बिले कुठवर गेली असती, याची कल्पना करवत नाही. पण विडी वळणाऱ्या बाईची महिन्याची कमाईही नऊ हजारांपर्यंत पोहोचत नाही, आणि व्हेंटिलेटरवरचे दहा दिवस म्हणजे ९० हजार. शिवाय पीपीई किट, महागडी औषधे, सीटी स्कॅन या दराबाहेर होते. खाटेचे भाडे बांधले गेले आणि टंचाईचा बोजा बिलाच्या दुसऱ्या रकान्यांत सरकला. शहरांच्या वर्गवारीनुसार दर कमी करणारा आदेश १ जून २०२१ ला आला. त्यात सोलापूर ‘ब’ वर्गात आले आणि ९,००० चे ६,७०० झाले. पण तोवर दुसरी लाट ओसरू लागली होती.

खासगी डॉक्टरांची बाजू अशी, की खर्चच वाढला होता. ते खरे आहे. अतिदक्षता म्हणजे यंत्र कमी आणि माणसे जास्त. १९५२ च्या पोलिओ साथीत कोपनहेगनमध्ये सुमारे पंधराशे विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हाताने रुग्णांना श्वास पुरवला. आधुनिक आयसीयूची सुरुवात तिथली. आजही व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला जवळजवळ स्वतंत्र परिचारिका लागते. पण हा खर्च खरा आहे म्हणूनच तो ऐन साथीत, हतबल नातेवाइकाच्या खिशातून वसूल होणे अन्यायाचे. जाण्यासाठी सरकारी खाटेचे दुसरे दार असेल, तरच त्याला घासाघीस करता येते.

दुसरा आक्षेप सरकारी आरोग्य विमा योजनेचा. राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. तीच पुढे महात्मा फुले जनआरोग्य योजना झाली आणि मे २०२० मध्ये सर्व रहिवाशांना खुली करण्यात आली. मग सरकारी खाटा वाढवायच्या कशाला? उत्तर सरळ आहे: विमा पैसे देतो, खाट देत नाही. सगळ्या खाटा भरलेल्या असताना हातातले कार्ड कागदच राहते. साथ नसताना रिकाम्या खाटा पोसणे परवडेल का, हा प्रश्न मात्र रास्त आहे. पण अपघात, सर्पदंश, पक्षाघात, कमी वजनाची बाळे यांना साथीची वाट पाहावी लागत नाही. सोलापूरच्या सिव्हिल रुग्णालयात खाट रिकामी राहण्याची भीती कमी, ती मिळणार नाही याची जास्त.

ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्राने जिल्ह्याजिल्ह्यांत अतिदक्षता कक्ष उभारण्याची योजना सुरू केली. इमारती उठतील, व्हेंटिलेटरही येतील. भूलतज्ज्ञ, प्रशिक्षित परिचारिका आणि तंत्रज्ञ यांची कायमची पदे भरली नाहीत, तर तो कक्ष कुलपातच राहील. पुढच्या साथीत सोलापूरकराला किती बिल येणार, हे आज भरल्या किंवा न भरल्या जाणाऱ्या त्या पदांवर ठरते आहे.