स्वल्पविरामाची किंमत पन्नास लाख डॉलर

इंग्रजी विरामचिन्हं आपल्याला शाळेत व्याकरणाच्या पुस्तकातून भेटली, म्हणून ती व्याकरणाचीच, असा आपला समज. त्यांचा जन्म मात्र मोठ्याने वाचणाऱ्याच्या सोयीसाठी झाला. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या-दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख असलेल्या ॲरिस्टोफेनिसने (नाटककार तो वेगळा) ग्रीक मजकुरात ठिपके द्यायची पद्धत काढली. ठिपका किती उंचीवर आहे, त्यावरून किती थांबायचं ते कळे. शब्दांमध्ये जागा सोडण्याची चाल त्यानंतर बऱ्याच काळाने, सातव्या-आठव्या शतकात आयरिश भिक्षूंनी रूढ केली. लॅटिन त्यांना परकी. सलग मजकूर फोडून वाचणं जिकिरीचं. मोडीची दप्तरं ज्यांनी चाळली आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

छपाईने चित्र पालटलं. व्हेनिसच्या आल्डस मनुशियसने १४९०च्या दशकात अर्धविराम छापला. त्याच्याच नावाच्या नातवाने १५६६ साली मांडलं की, ही चिन्हं वाक्याची रचना उलगडून दाखवण्यासाठी आहेत. पुढे इंग्रजीतही कानाचा एक आणि डोळ्याचा एक असे दोन पक्ष झाले. इंग्रजी विरामचिन्हांवरचे बहुतेक वाद मला याच भाऊबंदकीचे वाटतात.

कोर्टात अर्थातच डोळ्याचा पक्ष चालतो. १९१६ साली आयरिश राष्ट्रवादी रॉजर केसमेंटवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा १३५१च्या कायद्यातलं एक वाक्य कुठे तोडायचं यावर खल झाला आणि न्यायाधीश मूळ दस्तऐवज बघून आले. केसमेंट फासावर गेला.

अमेरिकेतल्या मेन राज्यातला खटला याहून मासलेवाईक. तिथल्या कायद्यात ओव्हरटाइम कुणाला लागू नाही त्या कामांची यादी होती: नाशवंत मालावरची प्रक्रिया, गोठवणं, सुकवणं, साठवणं वगैरे, आणि शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’. ‘ऑर’च्या आधी स्वल्पविराम नव्हता. ओकहर्स्ट डेअरीचे ड्रायव्हर म्हणाले, याचा अर्थ पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी केलेलं पॅकिंग, असं एकच काम. आम्ही पॅकिंग करत नाही, नुसता माल पोचवतो, ओव्हरटाइम टाका. शिवाय यादीतलं प्रत्येक काम ‘इंग’ने संपतं, ‘डिस्ट्रिब्यूशन’ तेवढं नाही, मग ते स्वतंत्र काम कसं? कंपनीने राज्याची कायदेलेखनाची पुस्तिकाच पुढे केली: यादीतल्या शेवटच्या बाबीआधी स्वल्पविराम देऊ नये, असं तीत स्पष्ट लिहिलं होतं! हाच तो वादग्रस्त ऑक्सफर्ड कॉमा. खालचं कोर्ट कंपनीच्या बाजूने गेलं. मार्च २०१७ मध्ये अपील कोर्टाने मात्र सांगितलं की वाक्य संदिग्ध आहे, आणि कायदा कामगारांच्या भल्यासाठी असल्याने संशयाचा फायदा त्यांना. पुढच्या वर्षी पन्नास लाख डॉलरवर तडजोड झाली. दरम्यान विधिमंडळाने ते वाक्य दुरुस्त केलं, पण गंमत बघा: स्वल्पविराम वाढवण्याऐवजी सगळ्या यादीत अर्धविराम घातले, आणि ‘डिस्ट्रिब्यूशन’चं ‘डिस्ट्रिब्यूटिंग’ केलं. दुधाने तोंड पोळलं होतं ना.

अपॉस्ट्रॉफी तर कानाला ऐकूच येत नाही, म्हणून चुका तिथेच जास्त. बर्नार्ड शॉने ‘डोन्ट’सारख्या शब्दांतून ती उडवून लावली, तरी त्याची नाटकं वाचताना काही अडत नाही. अमेरिकेचं भौगोलिक नामांचं सरकारी मंडळ १८९० पासून ठिकाणांच्या नावांत मालकीदर्शक अपॉस्ट्रॉफी टाळत आलं आहे. मार्थाज व्हिनयार्ड या बेटाला १९३३ साली ती परत मिळाली, पण तो अपवाद.

कवयित्री एमिली डिकिन्सन कानाच्या पक्षाची. तिच्या हस्तलिखितांत जागोजाग आडव्या रेघा आहेत. ती गेल्यावर १८९० साली संपादकांनी त्या पुसून तिथे रीतसर चिन्हं बसवली. थॉमस जॉन्सनच्या १९५५च्या आवृत्तीत त्या रेघा परतल्या, तेव्हा अनेक ओळींची लयच बदललेली दिसली. संपादकांच्या हेतूंबद्दल शंका नाही, पण हात जरा आखडता घ्यायला हवा होता.

हा सगळा सरंजाम मराठीत आणण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना जातं. मोल्सवर्थच्या मराठी कोशाच्या कामातले ते सहकारी. १८५० साली त्यांनी ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहिली. पूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह आपण घरचीच मानली. अर्धविरामाला मात्र मराठी लेखक अजूनही बिचकतो. ‘आणि’ने भागत असेल, तर तो त्याच्या वाटेला जात नाही.