जुने न खोडणारे दप्तर

सातबारा आणि फेरफार हे शब्द धानोऱ्याच्या बाजारात कोणालाही समजावून सांगावे लागत नाहीत. जमीन बापाकडून मुलांकडे गेली की गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, तलाठी तो बदल लिहितो. मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो आणि मग सातबाऱ्यावर नवी नावे चढतात. जुने नाव खरवडून काढत नाहीत. त्याला कंस करतात आणि फेरफाराचा क्रमांक देतात. वीस वर्षांपूर्वी जमीन कोणाची होती हे पाहायचे तर एकेक फेरफार धरून मागे जायचे. मधला एक कागद गहाळ झाला, की शेतकऱ्याच्या चपला झिजल्याच म्हणून समजा!

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांपुढेही हीच अडचण होती. एका प्रोग्रॅमवर शंभर हात फिरतात. काल चालत होते ते आज बंद पडले, तर कोणी, कधी, काय बदलले? १९८२ साली वॉल्टर टिची यांनी आरसीएस ही व्यवस्था केली. तिची तऱ्हा बरीचशी तलाठ्यासारखीच: ताजी प्रत पूर्ण ठेवायची, मागच्या प्रतींचा फक्त फरक लिहायचा. पुढे एप्रिल २००५ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी वेगळीच वाट धरली. तोवर ते वापरत असलेल्या साधनाची फुकट सवलत बंद झाली होती, म्हणून त्यांनी स्वतःचे साधन लिहायला घेतले. त्याचे नाव गिट. रस्त्यावरच्या गिट्टीशी त्याचा काही संबंध नाही, बरं का!

गिटची मांडणी एका उदाहरणाने पाहू. आपल्याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. हक्क आला की हिशेबही आला. समजा, अशा एखाद्या ग्रामसभेने ठराव, मजुरी आणि बांबूविक्री अशा तीन फाईली संगणकावर ठेवल्या.

गिट प्रत्येक फाईलचा मजकूर घेते आणि त्यातून गणिताने एक ठसा काढते, जणू मजकुराचा अंगठाच. शून्य ते नऊ हे आकडे आणि ए ते एफ ही इंग्रजी अक्षरे मिळून चाळीस चिन्हांचा हा ठसा असतो. मजकूर दाबून लहान करून ह्या ठशाच्या नावाने ठेवला जातो. एक काना बदला, ठसा पार बदलतो. मजकूर तोच असेल तर ठसाही तोच, म्हणून तीच गोष्ट पुन्हा साठवावी लागत नाही.

मग फाईलचे नाव कुठे गेले? ते मजकुराबरोबर नसतेच! त्यासाठी निराळी यादी असते: अमुक नाव, अमुक ठसा. ह्या यादीलाही ठसा. त्यावर तिसरी वस्तू म्हणजे नोंद. तिच्यात यादीचा ठसा, करणाऱ्याचे नाव, वेळ, बदलाचे कारण आणि मागच्या नोंदीचा ठसा असतो. आज फक्त मजुरी बदलली, तर नवा मजुरीचा मजकूर, नवी यादी आणि नवी नोंद एवढेच वाढते. ठराव आणि बांबूविक्री यांच्याकडे नवी यादी नुसते बोट दाखवते. दर नोंदीला सबंध दप्तराचे चित्र मिळते आणि कपाटही भरत नाही. फार साठले की गिट सगळे एका गाठोड्यात बांधते आणि तिथे मात्र जागा वाचवण्यासाठी फरक लिहिण्याची जुनी युक्ती वापरते. ठसे मात्र पूर्ण मजकुराचेच राहतात.

आता कोणी मागच्या वर्षाच्या मजुरीचा आकडा गुपचूप बदलला तर? मजकुराचा ठसा बदलेल, म्हणून यादीचा, म्हणून त्या नोंदीचा आणि पुढच्या प्रत्येक नोंदीचा. त्याने सगळी साखळी नव्याने बनवली तरी ज्यांच्याकडे दप्तराची पूर्ण प्रत आहे त्यांचे ठसे जुळणार नाहीत. चोरी तिथे उघडी पडते. अर्थात प्रत एकाच संगणकात ठेवली तर हे संरक्षण उरत नाही. आणि आकडा पहिल्याच दिवशी खोटा लिहिला, तर गिट तो खोटा आकडाही इमानाने जपेल!

ठशाचे गणितही अभेद्य नाही. २०१७ साली ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेच्या आणि गूगलच्या संशोधकांनी एकच ठसा उमटणाऱ्या दोन वेगळ्या फाईली करून दाखवल्या. त्यानंतर गिटमध्ये असा डाव ओळखणारी तपासणी आली आणि २०२० पासून चौसष्ट चिन्हांच्या अधिक पक्क्या ठशाचीही सोय झाली.

शिक्षकांनी हे मुलांना जरूर दाखवावे. गिट एकदा बसवली की इंटरनेट लागत नाही. एक रिकामी फाईल करा आणि तिचा चाळीस चिन्हांचा ठसा काढायला सांगा. तो ई, ६, ९, डी, ई, २, ९ असाच सुरू होईल, शाळा धानोऱ्याची असो की मुंबईची.